काचेपलीकडची उत्तरं

हरेशचं वागणं ठकुबाईला कधीच पटलं नव्हतं. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं? मागून हाक मारली तर वळायचा नाही. समोर जाऊन बोललं तर डोळ्यांत न बघता तोंडाकडं टक लावून बसायचा, जणू आईच्या दातांत काही अडकलंय. टीव्ही लावायचा तोही मुका. आवाज केला की कानात शिट्टी वाजते म्हणायचा. चित्रं हलताहेत, हा मांडी घालून बघतोय आणि मध्येच एकटा खुदकन हसतोय. तरणेपण सगळं भिवंडीत लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर गेलं, त्या खडखडाटात कान गेले. आता काल्हेरच्या गोदामात माल उतरवून घ्यायची ड्युटी करत होता.

एवढं सगळं ठकुबाईनं चालवून घेतलं होतं. पण गेल्या काही दिवसांतलं त्याचं वागणं तिला खपेना. स्वतःची मुलगी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. आणि हा बाप उंबऱ्यापर्यंत जायचा, चौकटीला हात लावायचा, परत फिरायचा.

"देवळात आलास का रं, उंबऱ्याला हात लावून जायला?" ठकुबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आत जा. पोर हाय तुझी."

हरेशनं आईच्या तोंडाकडं बघितलं. मान खाली घातली. डबा उचलला आणि कामाला निघून गेला.

मुलीचं नाव मेघाली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिची आई, म्हणजे ठकुबाईची सून भावना, मागच्या वर्षी काविळीनं गेली. तेव्हापासून मेघालीची झोप उडाली, अन्न उडालं. कॉलेजातल्या सरांनी तिला समुपदेशन कक्षात पाठवलं. तिथं माजिदा मॅडम होत्या. मुलांचं ऐकून घ्यायचं, मनातला गुंता सोडवायला हात द्यायचा, हे त्यांचं काम. मेघाली दर आठवड्याला जायची आणि त्या दिवशी घरी येऊन दोन घास जास्त खायची. ठकुबाईला त्यातलं एवढंच कळत होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

मग तिनं नातीचं लग्न ठरवलं. वडपे गावच्या भाऊचा मुलगा दीपेश. जमीन गोदामांना भाड्यानं दिलेली, घर भरलेलं. साखरपुड्याची तारीख धरली. आणि एका दुपारी भाऊनं मोडल्याचा निरोप धाडला. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, मरायचं म्हणते, असा.

मेघाली मॅडमच्या बंद खोलीत जे बोलली ते त्यांच्या शेलार गावापासून वडप्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. कॉलेजातही पोचलं. त्या दिवशी ती कॉलेज सुटल्यावर घरी आली नाही. खाडीच्या पुलावर कठड्याला धरून उभी होती. ओसामा नावाच्या एका रिक्षावाल्यानं गाडी थांबवली, "चलो बहन, घर चलो" म्हणत तिला बसवलं आणि दारात आणून सोडलं. भाड्याचं नावही काढलं नाही.

तेव्हापासून मेघाली बोलली नव्हती. एक शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले होते, तिला एकटं सोडू नका आणि बोलतं करा. ज्या मॅडमशी बोलत होती त्यांच्याकडंच परत न्या. पण मॅडमचं नाव काढलं की मेघाली चादर डोक्यावरून ओढून घ्यायची. त्या बाईनंच फोडलं, असं गाव म्हणत होतं. मेघालीलाही तेच वाटत होतं.

ठकुबाईनं पदर खोचला. शेजारच्या उन्नतीला नातीजवळ बसवलं.

"ज्यानं फोडलं त्याला मी हुडकीन," ती म्हणाली. "बाई असली तर बाई. नसली तर माझ्या पोरीला तिचं बोलायचं माणूस परत मिळंल."

*

वडप्याला हायवेच्या कडेला भाऊचं गोदामाचं ऑफिस होतं. बाहेर ट्रक लागलेले. आत पंखा, आणि पंख्याखाली भाऊ.

"या ठकुकाकी. पाणी देऊ?"

"पाणी प्यायला न्हाय आले. माझ्या नातीचं तुला कुणी सांगितलं?"

"कॉलेजातून कळलं."

"कॉलेज भिंतींचं असतंय. भिंत बोलली का?"

"त्या मॅडमकडनंच बाहेर आलं, असं समजा."

"समजा म्हंजे? आलं का न्हाय आलं?"

भाऊनं मोबाइल उचलला, उलटा ठेवला. "काकी, मला शपथ घातलीय. नाव न्हाय घेणार."

"नको घेऊ. शब्द सांग. माझी पोर काय म्हणाली, जसंच्या तसं."

भाऊ खुर्चीत चुळबुळला. "म्हणाली, हे लग्न नको. म्हणाली, आईचं कपाट उघडत न्हाय, साड्यांचा वास उडून जाईल. म्हणाली, आईजवळ जावंसं वाटतं. आन मग म्हणाली, हो, रोज."

"रोज काय?"

"आई मेलेली. तिच्याजवळ जायचं रोज वाटतं म्हंजे काय, ते मी फोडून सांगू का तुम्हाला?"

ठकुबाईनं खुर्ची त्याच्या आणखी जवळ ओढली.

"त्यावर बाई काय म्हणाली?"

"ते न्हाय ठाऊक."

"तिनं विचारलं काय होतं?"

"ते बी न्हाय ठाऊक. पोरीचंच तेवढं कळलं."

"लग्न मोडलंस ते मोडलंस. गावभर कशाला केलंस?"

"मी घरात बोललो काकी. पुढं बायकांनी केलं."

"बायकांवर ढकलू नको. पयलं तोंड तुझं उघडलं." ती उठली. "माझी नात पुलावर उभी होती, एवढं ध्यानात ठेव. आन पंखा बंद कर. गार वाऱ्यानं तुला घाम फुटलाय."

*

समुपदेशन कक्ष कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होता. दार काचेचं. बाहेर एक बाकडं. व्हरांड्याच्या खिडकीतून मागच्या गल्लीतला लूमचा कारखाना दिसायचा, आणि त्याचा खडखडाट अंगावर यायचा.

माजिदा मॅडम वयानं लहानच निघाल्या. डोक्यावर फिकट ओढणी, डोळे जागरणानं ओढलेले.

"बसा आजी. मेघाली कशी आहे? मी फोन केले. कुणी उचलत नाही."

"मी उचलू दिले न्हाईत. ती तुला काय म्हणाली ते सांग."

"नाही सांगू शकत."

"मी आजी हाय तिची."

"माहीत आहे. पण ती हो म्हणाल्याशिवाय नाही. तिच्या जिवाला धोका वाटला असता तर मी स्वतः तुमच्या दारात आले असते. तसं तेव्हा काही नव्हतं. एवढंच सांगते."

"तूच फोडलंस म्हणतात सगळी."

मॅडमनी ओठ आवळले. "प्रिन्सिपल सर हा कक्ष बंद करायचं म्हणतायत. मुलं यायची थांबलीत. नौकरी जाएगी तो जाए, आजी. पण ती जे बोलली ते माझ्याकडून बाहेर गेलं नाही. आजही जाणार नाही."

ठकुबाई शिव्या द्यायला आली होती. ठेवणीतल्या दोनचार जिभेवर तयार होत्या. पण सख्ख्या आजीपुढं जी बाई तोंड उघडत नाही, ती वडप्याच्या भाऊपुढं कशाला उघडेल?

तिनं खोलीभर नजर फिरवली. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये पाण्याचा तांब्या.

"पोर कुठं बसायची?"

"तुम्ही बसलात तिथंच. मुलांना दार समोर दिसलं पाहिजे, म्हणजे कोंडल्यासारखं होत नाही."

"आन तू हितं? दाराकडं पाठ करून?"

"नेहमी."

"दार काचेचं कशाला?"

"पालकांनीच मागितलं. बंद दाराआड मुली कुणाशी बोलतात ते दिसलं पाहिजे म्हणाले. जाड काच आहे. माणूस दिसतं, आवाज जात नाही."

ठकुबाई बाहेर आली. बाकड्यावर लडकू शिपाई बसला होता, शेलारचाच.

"लडकू, तू हितंच असतोस. कान लावलास का रं?"

"आईशपथ न्हाय, काकी! हितं स्वतःचं बोललेलं कळत न्हाय, आतलं काय कळणार?"

"बघू." ती पुन्हा आत गेली, दार लावलं, खुर्चीत बसली आणि शेतातून हाक मारावी तशा आवाजात ओरडली, "लडक्या, मुडद्या, कॉलेजचे खडू विकून खातोस काय रं!"

माजिदा मॅडम दचकल्या. बाहेर लडकू गालातल्या गालात हसला आणि हातानंच विचारलं, चहा आणू का?

म्हणजे लडकू सुटला.

"पोर शेवटची आलेली, त्या दिवशी हितं कोण कोण होतं?" तिनं बाहेर येऊन त्याला विचारलं.

"कुणी न्हाय काकी. परीक्षेचे दिवस, सगळी खाली. मी, आन तुमचा हरेश. पोरीला सोडायला आलेला, हितंच बसून होता. मीच चहा दिला. त्याला तर कानाशी ढोल बडवला तरी पत्ता न्हाय."

"आजून कोण?"

"कुणी न्हाय म्हटलं ना."

ठकुबाई खिडकीशी गेली. खाली कारखान्यात दोन कामगार लूमच्या दोन टोकांना उभे होते. एकजण काहीतरी म्हणाला. दुसऱ्यानं मान हलवली, उलट काहीतरी सांगितलं, दोघंही पोट धरून हसले. त्या खडखडाटातून त्यांचा आवाज बाहेर काय, त्यांना स्वतःलाही येत नसणार.

ती तशीच घरी परतली.

*

दुसऱ्या दिवशी हरेश ड्युटीवर गेल्यावर ती नातीच्या उशाशी बसली. वाटीत दूधभाकरी कुस्करलेली.

"मेघाली, भाऊकडं जाऊन आले. तू काय बोललीस म्हणतो ते सांगू का?"

पाठ हलली नाही.

"म्हणतो, तू म्हणालीस आईजवळ जावंसं वाटतं. आन मग म्हणालीस, हो, रोज. म्हंजे रोज मरावंसं वाटतं, असा त्यांनी अर्थ लावला."

चादर जराशी हलली. मग चादरीखालून एक खरखरीत आवाज आला, वापर नसलेल्या कडीसारखा.

"तसं न्हवतं."

ठकुबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. ती गप्प राहिली. आयुष्यात क्वचित राहायची, तशी.

"मॅडमनी विचारलं, आईशी मनातल्या मनात बोलतेस का? त्याला म्हटलं, हो, रोज." मेघाली कुशीवर वळली. तोंड सुकलेलं, डोळे खोल. "मरावंसं वाटतं का, ते त्यांनी आधीच सरळ विचारलं होतं. मी मान हलवून न्हाय म्हटलं होतं. मॅडमना सगळं ठाऊक होतं, आजी. तरी त्यांनी असं का सांगितलं?"

"तवा न्हवतं वाटत?"

"तवा न्हवतं." थोडं थांबून ती म्हणाली, "नंतर वाटलं. सगळीच म्हणत होती म्हणून."

ठकुबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडली नाही. केसांवरून हात फिरवत राहिली, अगदी हळू, आणि डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. मॅडमनं फोडलं असतं तर प्रश्न कळले असते. दाराला कान लावून कुणी ऐकलं असतं तरी दोघींचं कळलं असतं. भाऊकडं फक्त उत्तरं पोचली होती.

"मी बाईशी बोलू का हे?" तिनं विचारलं.

मेघालीनं मान हलवली. हो.

तिचं मन जरा दुसरीकडं जावं म्हणून ठकुबाईनं टीव्ही लावला. आवाज आलाच नाही. काल हरेशनं बंद केला होता तो तसाच. पडद्यावर एक बाई ताडताड बोलत होती, मुकी. ठकुबाई हातात रिमोट घेऊन त्या हलणाऱ्या ओठांकडं बघत उभी राहिली.

"आजी, काय झालं?"

"काय न्हाय गो." तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "काय न्हाय."

मग तिनं उन्नतीला परत नातीजवळ बसवलं आणि गोदामातल्या मुकादमाला फोन लावला. हरेशला फोन ऐकू येत नसे. "त्याला म्हणावं आयेनं कॉलेजात बोलावलंय. आजच्या आज."

*

हरेश आला तेव्हा ठकुबाई काचेच्या दाराआड बसली होती, मेघालीच्या खुर्चीत. माजिदा मॅडम समोर, दाराकडं पाठ करून. तिनं हातानंच हरेशला बाकडं दाखवलं. तो बसला. शेजारी लडकू जांभया देत होता.

ठकुबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मॅडमकडं बघत, चुलीपुढं पुटपुटावं इतक्या हळू ती म्हणाली, "मेघाली आज सकाळी बोलली."

मॅडमनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

काचेपलीकडं लडकूची जांभई चालूच होती. पण हरेश ताडकन उभा राहिला. त्याचे ओठ फाकले. डोळे बघता बघता भरले आणि गालांवरून पाणी ओघळलं. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाही कळत नसावं. ही बातमी त्याला अजून कुणीच दिली नव्हती.

मग त्याला आई दिसली. सरळ त्याच्याकडं बघणारी. तो खालीच बसला.

"लडकू, जा, चहा सांग," ठकुबाईनं दार उघडून म्हटलं. "हरेश, तू आत ये."

तो आला. तिनं त्याला समोर उभं केलं, तिचं तोंड त्याला नीट दिसेल असं.

"आजी, हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"सांगते, बाई. भाऊला तू सांगितलं असतंस तर तुझे प्रश्न बी गेले असते. लडकूनं ऐकलं असतं तर दोघींचं गेलं असतं, आन लडकूला काय ऐकू येतंय ते मी बघितलं. गेलं ते निस्तं पोरीचं. का? पोरीचं तोंड दाराकडं, तुझी पाठ. ज्यानं घेतलं त्यानं ऐकलं न्हाय. बघितलं." ती हरेशकडं वळली. "लूमवर आवाज चालत न्हाय, ओठ चालतात. तुझा डबा घेऊन मी कारखान्यात यायची, तवा तुमी लांबून गप्पा मारायचात. कान गेले तुझे, आन डोळ्यांनी ऐकायला लागलास. मुका टीव्ही बघून हसायच्या जागी बरोबर हसतोस. माझ्या घरात, माझ्या डोळ्यासमोर हे चाललं होतं, आन मी तुला बहिरा समजून सोडून दिला. लडकूनं पण तुला माणसांत धरला न्हाय. त्या दिवशी ह्या बाकड्यावर तूच होतास."

हरेशनं काचेपलीकडच्या बाकड्याकडं बघितलं.

"भाऊला सांगितलंस?"

त्यानं मान हलवली.

"तोंडानं सांग."

"हो." बहिऱ्या माणसाचा तो जरा जास्तच मोठा आवाज खोलीत घुमला. "ती म्हणाली लग्न नको. म्हणाली आईजवळ जायचं. रोज. मला वाटलं, ह्या लग्नापायी पोर जीव देईल. मोडलं तर वाचंल. म्हणून भाऊला जाऊन सांगितलं. पाया पडलो, माझं नाव घेऊ नको म्हटलं. कॉलेजातून कळलं म्हण, म्हटलं. तो गावभर करंल असं न्हवतं वाटलं, आये."

"मला का न्हाय सांगितलंस? लग्न मी ठरवलं होतं."

हरेशनं पहिल्यांदा तिच्या ओठांवरून नजर उचलून डोळ्यांत बघितलं. "तुझ्यापुढं कोण बोलतंय, आये? भावना बोलली न्हाय. मी बोललो न्हाय. मेघाली बोलली, ती बी हितं येऊन."

ठकुबाईचा हात तांब्याकडं गेला, पाणी न घेताच परत आला. मॅडमनी खुर्ची सरकवली, हरेशला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"माझं काय ते मी बघीन," शेवटी ती म्हणाली. आवाजाला नेहमीची धार नव्हती, पण तो कापतही नव्हता. "आता तुझं. माझ्या तोंडाकडं बघ. एक शब्द सुटता कामा नये.

"पोरीनं दुःख सांगायला एक जागा शोधली होती, ती तू चोरलीस. चोरलंस ते बी अर्धंच. ती मरायचं म्हणालीच न्हवती. आईशी मनात बोलते का असं बाईनं विचारलं, त्याला ती हो, रोज म्हणाली. तुला प्रश्न दिसला न्हाय. दाराशीच बसला होतास, दार ढकलून आत येऊन विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं. तू भाऊकडं गेलास. पोरीला वाचवायला निघालास आन पुलावर नेऊन ठेवलीस. वर ह्या बाईला चोर केलंस.

"आधी प्रिन्सिपलकडं जाशील, आत्ता, आन बाईचं नाव धुऊन देशील. मग घरी जाशील. उंबऱ्याला हात लावून फिरायचं न्हाय, आत जायचं. तिच्यापुढं बसून सांगायचं, मी फोडलं. ओठ हलवून न्हाय, आवाज काढून. ती शिव्या घालंल, रडंल, न्हायतर भिंतीकडं तोंड करंल. बसून राहायचं. ती परत हितं यायला लागली की दर वेळी तूच तिला आणशील, ह्याच बाकड्यावर बसशील, आन काचेकडं पाठ करशील. आत ती हसली का रडली, बघायचं न्हाय. बोलणं संपल्यावर ती बाहेर येईल. तिनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला तर वळायचं. न्हाय ठेवला, तर ती जिना उतरून जाईपर्यंत तसाच बसून राहशील, हरेश. जन्मभर न्हाय ठेवला, तर जन्मभर."